हाताखाली किती माणसं? थेट आणि अप्रत्यक्ष रिपोर्टींची मोजणी

एचआरकडून येणारी मागणी एका ओळीची असते: प्रत्येक मॅनेजरच्या हाताखाली थेट किती माणसं आणि एकूण किती, तेवढं काढून द्या. थेटचा आकडा एक्सेलमध्ये मिनिटभरात निघतो. घोडं अडतं ते एकूणपाशी. कर्मचाऱ्यांच्या तक्त्यात प्रत्येकाच्या ओळीत फक्त त्याच्या लगेच वरच्या साहेबाचा क्रमांक असतो. साहेबाचा साहेब कोण, हे कळायला दुसऱ्या ओळीवर जावं लागतं, तिथून तिसरीवर, आणि अशा किती उड्या माराव्या लागतील हे आधी सांगता येत नाही.

बहुतेक जण इथे एखादा भला मोठा फॉर्म्युला शोधायला लागतात. माझा सल्ला उलट आहे. मोजण्याची घाई करू नका. आधी ‘वरचा’ आणि ‘खालचा’ अशा सगळ्या जोड्यांचा एक तक्ता तयार करा, प्रत्येक जोडीपुढे दोघांमधलं अंतर लिहा, आणि मग मोजा. अंतर १ म्हणजे थेट, २ किंवा जास्त म्हणजे अप्रत्यक्ष. सॉफ्टवेअर कुठलंही असो, हा तक्ता हाताशी असला की बाकीचे प्रश्न साध्या बेरजेचे उरतात.

उदाहरणाला ओरॅकल या डेटाबेसचा जुना ईएमपी हा नमुना तक्ता घेऊ. स्कॉट/टायगर हे लॉगिन वापरून ज्यांनी एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) शिकलं, त्यांना ही १४ माणसं तोंडपाठ असतील. सगळ्यांत वर किंग (७८३९), त्याच्या मॅनेजरचा रकाना रिकामा. किंगच्या हाताखाली तिघे: जोन्स (७५६६), ब्लेक (७६९८) आणि क्लार्क (७७८२). ब्लेककडे पाच जण: ॲलन, वॉर्ड, मार्टिन, टर्नर, जेम्स. क्लार्ककडे एकटा मिलर. जोन्सकडे स्कॉट आणि फोर्ड. स्कॉटखाली ॲडम्स, फोर्डखाली स्मिथ. तक्ता लहान आहे, त्यामुळे प्रत्येक आकडा बोटांवर मोजून पडताळता येतो. नवी पद्धत दहा हजारांच्या डेटावर चालवण्याआधी अशा लहान तक्त्यावर चालवून बघितलीच पाहिजे.

खरी उत्तरं आधी लिहून ठेवू. किंग: थेट ३, एकूण १३. ब्लेक: ५ आणि ५. जोन्स: थेट २, एकूण ४. क्लार्क, स्कॉट, फोर्ड: प्रत्येकी १ आणि १. उरलेले आठ जण: शून्य.

एसक्यूएलमध्ये

डेटा जर डेटाबेसमध्ये असेल तर मोजणी तिथेच करावी. रिकर्सिव्ह सीटीई, म्हणजे स्वतःलाच परत परत हाक मारणारी ‘विथ’ क्वेरी, आता जवळपास सगळ्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये चालते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ती २००५ पासून आहे, पोस्टग्रेसमध्ये ८.४ पासून, मायएसक्यूएलमध्ये मात्र थेट ८.० पासून. मायएसक्यूएल ५.७ वर अडकलेल्यांना हा मार्ग बंद आहे.

क्वेरीचे दोन भाग, ‘युनियन ऑल’ने जोडलेले. पहिल्या भागात प्रत्येक कर्मचाऱ्याची त्याच्या मॅनेजरशी जोडी लावायची आणि अंतर १ लिहायचं. मॅनेजरचा रकाना रिकामा असलेली ओळ वगळायची. दुसऱ्या भागात आधीच्या फेरीत मिळालेल्या जोडीतला जो ‘खालचा’ आहे, तो ज्यांचा मॅनेजर आहे अशा सगळ्यांना उचलायचं, त्यांची जोडी त्याच ‘वरच्या’शी लावायची आणि अंतर एकाने वाढवायचं. नवी जोडी मिळेनाशी झाली की क्वेरी आपोआप थांबते.

ईएमपीवर पहिल्या फेरीत १३ जोड्या येतात. दुसऱ्या फेरीत १०: किंगशी जोडले गेलेले आठ जण, शिवाय जोन्स–ॲडम्स आणि जोन्स–स्मिथ. तिसऱ्या फेरीत दोनच: किंग–ॲडम्स आणि किंग–स्मिथ. चौथी फेरी रिकामी. एकूण २५ जोड्या. आता ‘वरचा’ या रकान्यावर ग्रुप बाय केलं (म्हणजे त्यानुसार गट पाडले) की ओळींची संख्या म्हणजे एकूण रिपोर्टी, आणि अंतर १ असलेल्या ओळींची संख्या म्हणजे थेट.

या २५ आकड्यात एक फुकटचा ताळा दडलेला आहे. सगळ्यांच्या ‘एकूण’ची बेरीज करा: १३ + ५ + ४ + १ + १ + १ = २५. आता प्रत्येक जण किंगपासून किती पायऱ्या खाली आहे ते मोजून त्याची बेरीज करा: तिघे एका पायरीवर (३), आठ जण दोन पायऱ्यांवर (१६), दोघे तीन पायऱ्यांवर (६). पुन्हा २५. हे दोन्ही आकडे नेहमी जुळायलाच हवेत, कारण माझ्या वर जितके साहेब, तितक्या जणांच्या यादीत मी एकेकदा मोजला जातो. थेटच्या बेरजेचा ताळा त्याहून सोपा: एकूण माणसं वजा सर्वोच्च माणसं, इथे १४ − १ = १३. मॅनेजर हजार असोत की सहा, अहवाल पाठवण्यापूर्वी हे दोन ताळे घ्यावेत. जुळले नाहीत तर कुठेतरी गफलत आहे, आणि ती बहुतेक वेळा क्वेरीत नसून डेटात असते.

शून्यवाल्यांचं प्रकरण वेगळं सांगायला हवं. जोड्यांच्या तक्त्यात ‘वरचा’ म्हणून फक्त सहा जण येतात. उरलेले आठ अहवालात हवे असतील, आणि ते हवेच असतात, तर कर्मचारी तक्त्यापासून सुरुवात करून त्याला जोड्यांचा तक्ता लेफ्ट जॉइनने जोडायचा, म्हणजे जोडी नसलेलेही राहतात. इथे काउंट-स्टार वापरलं तर ॲलनपुढे ० ऐवजी १ येतो. जॉइनमध्ये जोडी सापडली नाही तरी ॲलनची स्वतःची ओळ शिल्लक राहते आणि काउंट-स्टार तीच मोजतो. जोड्यांच्या तक्त्यातला ‘खालचा’ हा रकाना मोजा. तो तिथे नल (रिकामा) असतो आणि नल मोजला जात नाही.

‘ज्यांच्या हाताखाली कोणीच नाही’ त्यांची यादी काढताना आणखी एक मेख आहे. क्रमांक मॅनेजरांच्या रकान्यात ‘नॉट इन’ आहे अशी अट घातली तर यादी पूर्ण रिकामी येते, आठाऐवजी शून्य. कारण किंगच्या ओळीतला नल त्या रकान्यात आहे, आणि नलशी तुलना केली की उत्तर ‘हो’ही येत नाही, ‘नाही’ही येत नाही. ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरा. क्वेरी एररही देत नाही, नुसतीच रिकामी यादी देते, म्हणून ही चूक लवकर ध्यानात येत नाही.

ओरॅकलवर असाल तर कनेक्ट-बाय हे त्याचं झाड उलगडणारं कलम अजूनही सगळ्यांत आटोपशीर आहे. ‘स्टार्ट विथ’ मुद्दाम गाळायचं. मग प्रत्येक ओळ स्वतःच मूळ धरली जाते आणि तिच्याखालचं पूर्ण झाड उलगडतं. ‘कनेक्ट-बाय-रूट’ने (१०-जी पासून उपलब्ध) त्या मुळाचा क्रमांक घ्या, त्यावर ग्रुप बाय करा, मोजा आणि एक वजा करा. वजा एक कशासाठी, तर इथे माणूस स्वतःही स्वतःच्या झाडात असतो. एकूण ओळी २५ नाही, ३९ येतात, म्हणजे २५ अधिक १४. याच कारणाने इथे थेट माणसं लेव्हल २ वर सापडतात, १ वर नाही. ही एकाची चूक कुठल्याही पद्धतीत होऊ शकते, म्हणून स्वतःची ओळ जोड्यांत धरली आहे की नाही हे तक्त्याच्या वर्णनातच लिहून ठेवावं.

गाळणी कुठे लावायची

हा प्रश्न इतरांपेक्षा जास्त खोलात जाण्यासारखा आहे, कारण इथे उत्तर चुकतं आणि तरीही बरोबर दिसतं.

समजा विचारलं, किंगच्या हाताखाली एकूण कारकून (हुद्दा; क्लार्क नावाचा माणूस नव्हे) किती? खरं उत्तर ४: स्मिथ, ॲडम्स, जेम्स, मिलर. चौघेही अप्रत्यक्ष. पण ‘हुद्दा कारकून’ ही अट रिकर्सिव्ह क्वेरीच्या दोन्ही भागांच्या आत घातली तर उत्तर येतं शून्य. किंगच्या लगेच खाली तिघेही मॅनेजर आहेत, ते अटीत बसत नाहीत, आणि तिथेच फांदी तुटते. खाली उतरायला वाटच उरत नाही. अट बाहेर, म्हणजे जोड्या पूर्ण तयार झाल्यावर मोजताना घातली की ४ येतात. ओरॅकलमध्ये हाच फरक ‘व्हेअर’ आणि ‘कनेक्ट बाय’ यांच्यात आहे: एकाच तक्त्यावरच्या क्वेरीत व्हेअरमधली अट झाड उलगडल्यानंतर लागते, कनेक्ट बायमधली अट फांदीच छाटते.

नोकरी सोडून गेलेल्यांची गोम हीच. समजा फोर्ड गेला आणि त्याची ओळ तक्त्यातून काढली. स्मिथच्या ओळीत अजून फोर्डचाच क्रमांक आहे, त्यामुळे स्मिथ पोरका झाला. जोन्सचा आकडा ४ वरून ३ व्हायला हवा होता. तो २ होतो. मोठ्या कंपनीत एखादा विभागप्रमुख गेला आणि नवी नेमणूक व्हायची असली, की अशाने शेदोनशे माणसं वरच्यांच्या मोजणीतून रातोरात गायब होतात. म्हणून गेलेल्यांना झाडात राहू द्या, फक्त मोजताना वगळा. चढायला-उतरायला फोर्ड आहे, संख्येत नाही. जोन्सचे एकूण ३ बरोबर येतात.

आता स्मिथ जोन्सचा थेट रिपोर्टी धरायचा की मधली जागा रिकामी मानून अप्रत्यक्षच ठेवायचा? याचं उत्तर डेटात नसतं. एचआरला विचारून लिहून घ्या. काही ठिकाणी माणसांऐवजी पदांचा तक्ता ठेवतात, पद कोणत्या पदाच्या खाली हे कायम असतं आणि पदावर माणूस असो वा नसो, झाड अखंड राहतं. असा पदांचा तक्ता उपलब्ध असेल तर मोजणी त्यावरच करावी. डोकेदुखी निम्मी होते.

चक्र

अ चा मॅनेजर ब, आणि ब चा मॅनेजर अ. किंवा सर्वोच्च माणसाच्या मॅनेजरच्या रकान्यात त्याचा स्वतःचाच क्रमांक. दुसरा प्रकार फार आढळतो, कारण कित्येक एचआर सॉफ्टवेअरमध्ये तो रकाना रिकामा सोडता येत नाही. रिकर्सिव्ह क्वेरी अशा ठिकाणी गोल फिरत राहते.

एसक्यूएल सर्व्हर १०० फेऱ्यांनंतर एरर देऊन थांबतो. मायएसक्यूएलची मर्यादा आपसूक १००० असते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘मॅक्स रिकर्शन ०’ लिहून मर्यादा उठवता येते, आणि इंटरनेटवर हा उपाय सर्रास सुचवला जातो. इथे तो अजिबात करू नये. शंभर पायऱ्यांची कंपनी जगात नसते. ती एरर म्हणजे डेटात चक्र असल्याची बातमी आहे. पोस्टग्रेसला अशी मर्यादाच नाही, तिथे क्वेरी सर्व्हर दमेपर्यंत चालते. मात्र पोस्टग्रेस १४ पासून ‘सायकल’ हे कलम आहे, ते चक्र ओळखून थांबतं. ओरॅकलमध्ये ‘नोसायकल’ आणि ‘कनेक्ट-बाय-इज-सायकल’ ही जोडगोळी नेमकी कोणत्या ओळीवर चक्र आहे ते दाखवते.

पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये ‘युनियन ऑल’ऐवजी नुसतं ‘युनियन’ लिहिलं तर आधी मिळालेली जोडी पुन्हा घेतली जात नाही आणि चक्र असूनही क्वेरी थांबते. पण अंतराचा रकाना जोडला की हा गुण संपतो. तीच जोडी दर फेरीत नव्या अंतराने येते, म्हणजे डेटाबेसच्या लेखी ती नवीच. एसक्यूएल सर्व्हर तर रिकर्शनमध्ये युनियन ऑलशिवाय काही स्वीकारतच नाही.

सोपा उपाय: मोजणीपूर्वी सर्वोच्च माणसाचा स्वतःकडेच बोट दाखवणारा क्रमांक नल करून टाका, आणि अंतर २० च्या पुढे गेलं की थांबा अशी अट घाला. अंतर २० च्या ओळी सापडल्या तर एचआरला ती नावं पाठवा.

एक्सेलमध्ये

डेटाबेसपर्यंत पोच नसलेल्यांची संख्या मोठी आहे, म्हणून हेही नीट सांगतो. ए रकान्यात कर्मचारी क्रमांक, बी मध्ये मॅनेजर क्रमांक. थेटसाठी काउंटइफ: बी रकान्यात माझा क्रमांक किती वेळा येतो. झालं.

एकूणसाठी पहिला विचार मनात येतो तो असा: माझे थेट, अधिक माझ्या थेट माणसांचे एकूण. सम-इफने लिहायलाही सोपं. पण बेरजेच्या रकान्यात फॉर्म्युला स्वतःच बसलेला असतो, त्यामुळे एक्सेल सर्क्युलर रेफरन्सची तक्रार करून थांबतं. इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन चालू करून ते दामटता येतं, पण मग त्या फाइलमधली खरी सर्क्युलर चूकही झाकली जाते. नको.

त्याऐवजी वरच्यांचे रकाने पाडा. बी मध्ये पहिला वरचा आहेच. सी मध्ये एक्सलुकअप: बी मधला क्रमांक ए रकान्यात शोध, त्याच्यासमोरचा बी आण, सापडला नाही तर रिकामं ठेव. ए आणि बी चे पट्टे डॉलर लावून पक्के करा, शोधायचा क्रमांक मात्र सुटा ठेवा, म्हणजे हाच फॉर्म्युला उजवीकडे ओढला की डी मध्ये तिसरा वरचा, ई मध्ये चौथा येतो. प्रत्येक रकाना फक्त त्याच्या डावीकडच्यावर अवलंबून, म्हणून वर्तुळ तयार होत नाही. शेवटचा रकाना संपूर्ण रिकामा येईपर्यंत ओढत राहा. एक्सेल २०१९ किंवा त्याआधीचं असेल तर एक्सलुकअप नाही. इंडेक्स-मॅच वापरा आणि त्याला इफ-एररमध्ये गुंडाळा.

आता बी पासून ई पर्यंतच्या पूर्ण चौकोनात माझा क्रमांक किती वेळा येतो ते काउंटइफने मोजा. तेच एकूण. किंगचा क्रमांक बी मध्ये ३ वेळा, सी मध्ये ८ वेळा, डी मध्ये २ वेळा, मिळून १३. ई रिकामा. जोड्यांचाच तक्ता आहे हा, फक्त उभ्याऐवजी आडवा मांडलेला.

दोन ठिकाणी पाय घसरतो. जोन्ससाठी सी मध्ये किंगचा मॅनेजर शोधला जातो, तो सेल रिकामा, आणि एक्सेल रिकाम्या सेलऐवजी ० आणतं. त्यामुळे ‘शेवटचा रकाना रिकामा’ ही खूण बिघडते. फॉर्म्युल्याच्या शेवटी अँड-चिन्ह आणि दोन रिकामी अवतरणं जोडली की ० जातो, पण त्याबरोबर क्रमांक मजकूर बनतो. मजकुरातला ७८३९ आणि अंकातला ७८३९ एक्सलुकअपच्या लेखी वेगळे, म्हणून पुढच्या रकान्यात काहीच सापडत नाही. काउंटइफ मात्र दोन्ही एकच धरतो. परिणामी थेटचे आकडे बरोबर, एकूणचे कमी, आणि माणूस फॉर्म्युल्यात चूक शोधत बसतो. उपाय हाच की सुरुवातीलाच ए आणि बी दोन्ही रकाने मजकुरात बदलून घ्यायचे.

काउंटइफचा हा ढिलेपणा दुसऱ्या बाजूनेही नडतो. ००४५ आणि ४५ असे दोन वेगळे कर्मचारी असतील, समजा दोन कंपन्या एकत्र झाल्यामुळे, तर तो दोघांना एकच समजतो. अशा डेटावर समप्रॉडक्टने थेट बरोबरीची तुलना करा. ताळ्यासाठी प्रत्येकाच्या पायऱ्या मोजतानाही काउंट-ए वापरू नका, रिकाम्या मजकुराचे सेल तो भरलेले समजतो. रिकाम्याशी बरोबर नसलेले सेल समप्रॉडक्टने मोजा.

पॉवर बीआयमध्ये

अहवाल बनवायच्या या सॉफ्टवेअरमध्ये ‘पाथ’ नावाचं फंक्शन खास याच कामासाठी आहे. कर्मचारी क्रमांक आणि मॅनेजर क्रमांक दिला की ते वरपासून खालपर्यंतची साखळी उभ्या रेघांनी जोडून देतं, ॲडम्ससाठी ७८३९|७५६६|७७८८|७८७६. मग ज्यांच्या साखळीत माझा क्रमांक आहे अशा ओळी ‘पाथकन्टेन्स’ने गाळून मोजायच्या आणि एक वजा करायचा. पाथकन्टेन्सच वापरा, मजकूर शोधणारं साधं सर्च नको. सर्चला ११२ मध्येही १२ सापडतो.

पाथ डेटाच्या बाबतीत कडक आहे. मॅनेजरच्या रकान्यातला क्रमांक कर्मचारी रकान्यात नसेल तर पूर्ण रकाना एरर देतो, एका ओळीसाठी सगळा. लोक वैतागतात, पण मला हे वागणं आवडतं. एसक्यूएलमध्ये पोरका माणूस मुकाट्याने गळून जातो. इथे तो दुरुस्त केल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. एकाच कर्मचाऱ्याच्या दोन ओळी वेगवेगळ्या मॅनेजरसह असतील तरीही तेच. त्यामुळे बदल्यांचा इतिहास असलेला तक्ता थेट चालत नाही, ठरावीक तारखेची एकेक ओळ आधी वेगळी काढावी लागते.

हे सगळं कॅल्क्युलेटेड कॉलममध्ये केलं तर आकडा रिफ्रेशच्या वेळी एकदाच ठरतो. स्लायसरवर (अहवालातल्या गाळणीवर) शहर किंवा विभाग निवडला तरी तो हलत नाही. वापरकर्त्यागणिक ओळी लपवणारी सुरक्षा लावली असली तरी या आकड्यावर तिचा परिणाम नाही, कारण तो आधीच मोजून ठेवलेला असतो. हे हवं की नको ते ठरवा. वेळेचंही बघा: प्रत्येक ओळीसाठी सगळ्या ओळी तपासल्या जातात, म्हणजे १०,००० माणसांना १० कोटी तपासण्या. जोड्यांचा तक्ता मात्र, सरासरी पाच पायऱ्या धरल्या, तर ५०,००० ओळींत आटपतो.

म्हणून स्लायसरप्रमाणे बदलणारा आकडा हवा असेल तर जोड्यांचा तक्ता एसक्यूएलमध्ये करून आणा. तेवढी सोय नसेल तर पाथवरूनच तो तयार होतो: प्रत्येक साखळीची लांबी पाथलेंग्थने घ्या, १ पासून त्या लांबीपर्यंत ओळी पाडा, प्रत्येक स्थानावरचा क्रमांक पाथआयटमने उचला. लांबी वजा स्थान म्हणजे अंतर. ० आलं तर ती स्वतःची ओळ. पाथआयटम सांगितलं नाही तर मजकूर देतो, त्यामुळे अंकी क्रमांकाशी रिलेशनशिप जोडली की प्रकारच जुळत नाहीत. तिसऱ्या जागी इंटिजर लिहा. ‘वरचा’ रकाना कर्मचारी तक्त्याला जोडा, आणि खालच्या माणसाचं शहर, विभाग, रुजू तारीख असे गाळणीला लागणारे रकाने जोड्यांच्या तक्त्यातच आणून ठेवा.

क्लिकव्ह्यू किंवा क्लिक सेन्स ही अहवालांची सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हे हाताने करावंच लागत नाही. लोड स्क्रिप्टमधलं ‘हायरार्की-बिलाँग्ज-टू’ हे प्रीफिक्स हाच जोड्यांचा तक्ता अंतरासह तयार करून देतं. त्यात स्वतःची ओळही असते, अंतर ०; तेवढी वगळा.

दोन साहेब

मॅट्रिक्स पद्धतीच्या कंपनीत एका माणसाला दोन मॅनेजर असतात, एक पगारपत्रकावरचा आणि एक प्रोजेक्टवरचा. पाथ इथे चालतच नाही. थेट अधिक खालच्यांचे एकूण ही बेरीज चालते, पण चुकते. समजा ॲडम्स स्कॉटबरोबर फोर्डलाही रिपोर्ट करतो. स्कॉटचे १, फोर्डचे २, जोन्सचे थेट २, मिळून ५. माणसं मात्र चारच. ॲडम्स दोनदा धरला गेला. जोड्यांच्या तक्त्यात जोन्स–ॲडम्स ही जोडीही दोनदा येते, पण तिथे ‘खालचा’ हा रकाना डिस्टिंक्ट (दुबार न धरता) मोजला की ४ येतात. आणि अंतर दोन वाटांनी वेगवेगळं येत असेल तर कमीत कमी अंतर धरा, नाहीतर एकच माणूस थेटमध्येही दिसेल आणि अप्रत्यक्षमध्येही. वर सांगितलेला २५ चा ताळा इथे लागू होत नाही. तो फक्त एक-साहेब पद्धतीचा आहे.

पायथनवाल्यांसाठी

नेटवर्कएक्स या पायथन लायब्ररीत मॅनेजरकडून कर्मचाऱ्याकडे बाण काढून ‘डिसेंडन्ट्स’ मागितले की सगळे खालचे एका संचात मिळतात, स्वतःला वगळून आणि दुबार न धरता. बाण उलटे काढले असतील तर ‘ॲन्सेस्टर्स’ मागा. सर्वोच्च माणसाचा रकाना रिकामा असेल तर त्या ओळीसाठी बाण काढायचाच नाही. नाहीतर ‘नॅन’ (रिकाम्या जागेची खूण) नावाचा एक बिनचेहऱ्याचा साहेब किंगच्याही वर जाऊन बसतो.

पांडाज या तक्ते हाताळायच्या लायब्ररीत फाइल वाचताना याच रिकाम्या सेलमुळे मॅनेजरचा पूर्ण रकाना दशांशात जातो: ७८३९ चा ७८३९.० होतो. पुढे कोणी तो मजकुरात बदलला की ‘७८३९.०’ आणि ‘७८३९’ एकमेकांना ओळखत नाहीत, जॉइन रिकामा येतो आणि सगळे १४ जण सर्वोच्च ठरतात. रीड-सीएसव्हीला सुरुवातीलाच दोन्ही रकाने मजकूर म्हणून वाचायला सांगा. क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यंही त्याने टिकतात.

सरासरी थेट रिपोर्टींचा आकडा मागितला तर भागाकार फक्त मॅनेजरांच्या संख्येने करा: ईएमपीत १३ भागिले ६, म्हणजे साधारण २.१७. एव्हरेज फंक्शनला पूर्ण रकाना दिला तर शून्यवालेही धरले जातात आणि उत्तर ०.९३ येतं. एकच सर्वोच्च माणूस असलेल्या कुठल्याही कंपनीत हा आकडा एकाहून जेमतेम कमीच येणार, कारण तो नेहमी एकूण वजा एक भागिले एकूण इतकाच असतो. त्यातून त्या कंपनीबद्दल काहीच कळत नाही.